शेठजींची मच्छरदाणी

घ्या, चहा घ्या. पण घोट गिळून मग ऐका, नाहीतर ठसका लागेल. गेल्या मे महिन्यापर्यंत मला कुणी विचारलं असतं, की डासांचा बंदोबस्त करावा तर कुणी, तर मी छाती ठोकून स्वतःचंच नाव सांगितलं असतं.

आमच्या पूजाचं लग्न जमत आलं होतं. मुलगा चांगला, पोरीच्या मनात भरलेला. फक्त त्याच्या वडिलांचा, म्हणजे सुभाषशेठचा होकार बाकी होता. शेठजींचं गुलमंडीत चादरी-मच्छरदाण्यांचं दुकान. माणूस भला, पण जन्मात कधी शेतात झोपलेला नाही. मीच म्हटलं, "सुट्टी आहे, सगळे आमच्या पाचोडच्या मळ्यात दोन दिवस या. रस खाऊ, बोलू."

"भाऊसाहेब, तिकडं चावतं लई, असं ऐकलंय."

"माझ्यावर सोडा! एक जरी डास चावला ना, तर नाव बदलीन!"

बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. ती अशी पाहते तेव्हा माणसानं गप्प बसावं, पण मी कसला बसतोय?

तयारी तर विचारूच नका! मलम, कापूर, अगरबत्त्या आणि खास शेठजींच्याच दुकानातली मच्छरदाणी. देताना ते म्हणाले होते, "आमच्या जाळीतून मुंगी इकडची तिकडं व्हायची नाय!"

मळा माझा चुलतभाऊ दत्ता बघतो. त्यानं पडवीत गाद्या टाकल्या आणि तो बर्फ आणायला गावात गेला. रस-पोळी झाली, शेठजी पेंगायला लागले. पण पडवीवरचा पत्रा असा तापलेला, की वर पापड भाजावेत. मला सुचलं, यांना कडुलिंबाच्या सावलीत झोपवावं. आणि जागा तरी काय, अहाहा! गवताची काडी नाही, माती मऊ, सपाट. थोड्या लेंड्या होत्या, त्या मीच झाडून टाकल्या.

"अहो, दत्ताभाऊजींना येऊ द्या तरी," बायको म्हणाली.

"आपल्याच रानात झोपायला दत्ताची परवानगी?"

गादी टाकली, जाळी बांधली, शेठजींना आत घातलं, कडा गादीखाली खोचल्या, वर दगड ठेवले. डासाची काय बिशाद!

जरा वेळानं आतून आवाज आला, फट्!

"भाऊसाहेब, कायतरी चावतंय."

"कसं शक्य आहे? जाळी तुमच्या दुकानातली!"

शेठजी कूस बदलून खाजवायला लागले. स्वतःच्या मालाला नावं कोण ठेवील? मी निदान केलं, "घामोळ्या असतील," आणि जाळीवरून तांब्याभर पाणी शिंपडलं.

फट्! फट्! "भाऊसाहेब, ह्या घामोळ्या उड्या मारायल्यात!"

म्हणजे एखादा डास आत राहिला म्हणायचा. मी लगेच लिंबाच्या पाल्याचा धूर केला. शेठजी खोकत ओरडले, "बाहेर काढा मला!"

"नको, नको! बाहेर डास आहेत!"

शेवटी शेठजी जाळीसकट उभे राहिले. दोऱ्या तुटल्या, दगड उडाले, आणि माझे होणारे व्याही अंगभर मच्छरदाणी गुंडाळून हौदाकडं पळत सुटले. तेवढ्यात दत्ता आला.

"दादा, लिंबाखाली कशाला झोपवलं? परवापर्यंत धनगराच्या मेंढ्या बसवल्या हुत्या की तिथं! पिसवांचा नुसता बुजबुजाट हाय. म्हणून तर पडवीत गाद्या टाकल्या!"

"मेंढ्या? माझ्या मळ्यात? कुणाला विचारून?" मी आवाज चढवला.

"तूच म्हणला ना फोनवर, मेंढ्या बसव, रानाला खत व्हईल!"

म्हणालो होतो हो! म्हणजे शेठजींना पिसवांच्या गावात नेऊन मीच कोंडलं होतं. आणि जाळी खरोखरच अस्सल, एक पिसू बाहेर पडली नाही.

शेठजी हौदात गळ्यापर्यंत बसून होते. पूजा डोळे भरून माझ्याकडं बघत होती. खरं सांगतो, पोरीचं जमलेलं लग्न बापानं मोडलं, असंच वाटलं मला.

संध्याकाळी शेठजी अंगभर खोबरेल चोपडून पडवीत बसले. "भाऊसाहेब, पोरगी आम्हाला पसंत आहे. पण एक अट आहे."

मी हात जोडले. "बोला."

"लग्नात वऱ्हाडाच्या झोपायची सोय तुम्ही बघायची नाय."

पूजा हसली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. पण जित्याची खोड! मी म्हणालोच, "मान्य! पण शेठजी, डास एकही चावला नाही, हे तर कबूल करा."

"चावतोय कसा? त्याला आत जागाच कुठं हुती?"

लग्न थाटात झालं. पण व्याह्यांच्या घरी आता मला भाऊसाहेब कुणी म्हणत नाही. थोरापासून पोरापर्यंत सगळे म्हणतात, "या, पिसवेकर!" डास काही चावला नाही, पण नाव मात्र बदललं ते बदललंच.