गूळ तोंडात टाकल्यावर

कॉलेजात मी मुलांना सिनेमा शिकवतो. पडद्यावरचा माणूस नेमका कोणत्या क्षणी बदलला, हे त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवून सांगतो. गेल्या वर्षी जांबोटीला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे मात्र माझीच शिकवणी झाली.

गेलो होतो सहीसाठी. अनगोळच्या घरावर मजला चढवायचा होता. बायकोने फरशीसुद्धा निवडून ठेवली होती. पण वडिलांमागे उताऱ्यावर आक्काचंही नाव लागलेलं. म्हणून हक्कसोड पत्र पिशवीत घालून नेलं आणि वर तोंडाने "सहज आलो" म्हणालो. आक्काने रीतीप्रमाणे गूळ-पाणी पुढे ठेवलं. पाणी प्यालो, गुळाला हात लावायचा धीर होईना.

"शुगर आहे गं."

"दिवाळीत चार करंज्या हाणलास, तवा कुठं गेलती शुगर?"

टीव्हीवर कन्नड सिनेमा चालला होता. जमीनदाराचा माणूस एका म्हातारीला घराबाहेर काढायला आलेला. म्हातारी त्याच्याही पुढे गूळ-पाणी ठेवते. तो खडा हातात धरून बसून राहतो, मग खातो, मग ढसाढसा रडतो. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"बघ आक्का, इथं बदलला. डोळे बघ त्याचे!"

"रडला म्हणून बदलला व्हय? सुई टोचली की आमची म्हस बी रडतीया. गूळ तोंडात टाकला, तवाच बदलला त्यो. खाल्ल्यावर त्या घराचं वाईट करता येत न्हाय, ठाव हाय त्याला."

"मग रडतो कशाला?"

"आता मालकाला काय सांगू म्हणून!"

मी खो खो हसलो. हसता हसता माझ्या बशीकडे लक्ष गेलं. गुळाला मुंगी लागली होती. आक्काने ती फुंकरीने उडवली आणि बशी माझ्याकडे सरकवली. "खा की रं."

मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. खडा तोंडात टाकला.

संध्याकाळी ती बसपर्यंत पोचवायला आली. पाऊस भुरभुरत होता. "पिशवी झाक. कागद भिजंल," ती म्हणाली.

"कसला कागद?"

"आलास तवा वर डोकावत हुता त्यो." आणि बस सुटता सुटता, "पिक्चर तिसऱ्यांदा बघितला बघ मी!"

दुसऱ्या दिवशी वर्गात गुळाचा मुद्दा मी स्वतःचाच म्हणून ठोकून दिला. मुलं खूश झाली. एका मुलीने हात वर केला. "सर, मग तो रडतो का?"

"घरी जाऊन बायकोला काय सांगायचं म्हणून," मी म्हणालो.