सर्व्हर डाऊन आणि सुनंदाताईंचा गाल

"वायरी उलट्या लावल्यात तुम्ही. गालाची कपाळाला आणि कपाळाची गालाला," फोनवर केतन सर म्हणाले. माझे बॉस. ते पुण्यात एसीत, मशीनचा ग्राफ तिकडे स्क्रीनवर बघत; मी सोनईजवळच्या एका वस्तीवर, गोठ्याला लागून असलेल्या ओसरीत. समोर सुनंदाताई, टिकलीच्या बाजूला वायरी चिकटवून बसलेल्या. बाजेवर त्यांचे सासरे, अण्णा. हे मशीन आपल्या सुनेचं नेमकं काय मोजतंय, याची अण्णांना भारी उत्सुकता.

माझं काम जरा विचित्रच आहे. लोक अ‍ॅप वापरतात तेव्हा त्यांना मनातून काय वाटतं, ते मी शोधते. विचारलं तर सगळेच 'छान आहे' म्हणतात, कारण मी पाहुणी असते आणि चहा झालेला असतो. म्हणून हे इलेक्ट्रोड, म्हणजे चिकटणाऱ्या छोट्या चकत्या. एक जोडी भुवईवर, एक गालावर. वैताग आला की भुवईचा स्नायू आखडतो, बरं वाटलं की गालाचा. बाहेरून काही दिसलं नाही तरी लॅपटॉपवर रेघ उडते.

अ‍ॅप एका दूध डेअरीचं होतं. बटण दाबलं की टेम्पो दारात येऊन दूध नेणार. सकाळी किटली घेऊन गावातल्या दूध केंद्रावर जायला नको. लोकांना अ‍ॅप आवडलं तर केंद्र बंद करायचं, असं डेअरीचं ठरलं होतं. आवडलं की नाही, ते आमचा रिपोर्ट सांगणार होता.

आणि सुनंदाताईंची रेघ भलतंच सांगत होती. 'टेम्पो निघाला आहे' असं हिरव्या अक्षरांत आलं, की भुवई. अ‍ॅप अजून कच्चं होतं, मधेच अडायचं. 'सर्व्हर डाऊन. कृपया दूध केंद्रावर आणावे,' असं आलं, की गाल!

मी वायरी तपासल्या. "ताई, जरा खोटं खोटं रागवा बरं." भुवईची रेघ उडाली. वायरी बरोबर होत्या.

"खोटं कशाला? खरं रागवायला लई झ्याक जमतं तिला," अण्णा म्हणाले. ताईंच्या गालाची रेघ हलली.

"कसं वाटलं अ‍ॅप?" मी विचारलं.

"लई चांगलं हाय की. घरबसल्या काम हुतंय." भुवई.

"चांगलंच हाय," अण्णांनी री ओढली. "सकाळचा तास मोडतोय तिचा. केंद्र हाय हाकेवर, पन लाईन असती म्हने."

'लाईन' म्हटल्यावर गाल पुन्हा उडाला आणि माझी ट्यूब पेटली.

निघताना अण्णांनी विचारलंच, "काय म्हनतंय मशीन?"

"सूनबाई हुशार आहेत म्हणतंय."

"त्ये मला बिगर वायरीचं म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर गेले. लाईन कसली, बहुतेकींचं दूध मोजूनही झालं होतं. रिकाम्या किटल्या पायाशी ठेवून बायका गप्पा मारत होत्या. त्यात सगळ्यात मोठा आवाज सुनंदाताईंचा. मला पाहून त्यांनी किटली उचलली. मग बाजूला येऊन म्हणाल्या, "ताई, मशीननं समदं सांगितलं व्हय?"

"मला सांगितलं. अण्णांना नाही."

"गोठा, सैपाक, रान, दिस त्यातच जातुया. हितं आलं की जरा मोकळं वाटतं. केंद्र बंद झाल्यावर आमी भेटायचं कुठं, सांगा?"

मला फार वाईट वाटलं. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये हाच तास 'वाया जाणारा वेळ' म्हणून लाल रंगात दाखवला होता.

मग त्याच बायकांमधल्या तयार झाल्या तेवढ्यांच्या चेहऱ्यांना वायरी लावल्या. बहुतेकींच्या रेघा सुनंदाताईंच्याच वळणावर गेल्या. कुणाचंही नाव न घालता मी लिहिलं: बायकांना केंद्रावर यायचं आहे, केंद्र बंद करू नये.

"क्लायंटला काय सांगू?" केतन सर वैतागले. "आपलं अ‍ॅप बंद पडलं की लोक खूश होतात?"

"हो सर. ग्राफ जोडलाय."

डेअरीने बरीच कुरकुर केली, पण केंद्र राहिलं. ज्यांना चालवत नाही, किंवा जे अ‍ॅपवर बटण दाबतील, त्यांच्या दारात टेम्पो जाऊ लागला.

काही महिन्यांनी अ‍ॅप कसं चाललंय ते पाहायला मी पुन्हा गेले, तर सुनंदाताई किटली घेऊन केंद्रावर हजर.

"काय ताई, अ‍ॅप नाही वापरत?"

"कसलं वापरायचं! मघापस्नं सर्व्हर डाऊन हाय. घरी बी तेच सांगून आले."

माझ्या फोनवर अ‍ॅप व्यवस्थित चालू होतं. त्यांनी आपला फोन हळूच पदराखाली घेतला. त्या दिवशी वायरी नव्हत्या, पण गाल लांबूनही दिसत होता.

अ‍ॅपमध्ये सुधारणेला वाव आहे, असं मी रिपोर्टात लिहिलं. सर्व्हर अधूनमधून बंद पडू द्यावा, एवढं मात्र लिहिता आलं नाही.