चार नणंदा, चार बाटल्या

माझा नवरा बोटीवर नोकरीला. सात-आठ महिन्यांनी पनवेलला घरी आला की आधी बॅगेतून सेंटची एक बाटली काढून माझ्या हातात ठेवायचा. महागडी, नुसतं झाकण बघत बसावं अशी. पण आमच्या उकाड्यात तो सेंट मारला की दहा मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागायचं. एकाला फिनेलसारखा वास, दुसरा पाकातल्या बुंदीसारखा गोड. पण तो इतक्या कौतुकाने बघायचा की मी आपली "छान आहे" म्हणून मोकळी व्हायचे.

तो बोटीवर गेला रे गेला की बाटली एका नणंदेला देऊन टाकायचे. चार नणंदा, चार बाटल्या. चौघींनाही बजावलं होतं, त्याला कळता कामा नये, फार लागेल त्याच्या मनाला.

मला मानवायचा तो एकच वास, बकुळीचा. बाजाराच्या तोंडाशी डोंगरातली एक बाई गजरे घेऊन बसायची. फूल सुकलं तरी वास जात नाही, म्हणून साड्यांच्या घडीतसुद्धा माझे गजरे असायचे. लग्नातही तोच माळला होता.

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि नवरा नेमका सुट्टीवर आला. आमच्याकडे चांगली वस्तू रोज वापरत नाहीत, घरच्या हळदीसाठी राखून ठेवतात. एवढं ठाऊक असून माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे! हळदीच्या संध्याकाळी चारही नणंदा माझ्या बाटल्या अंगावर ओतूनच मांडवात आल्या. तो एकेक बहिणीला भेटत गेला आणि दर वेळी थबकून माझ्याकडे बघत गेला. माझी पाचावर धारण बसली.

मांडवामागे गाठून त्याने विचारलं, "एकपण आवडला नाय तुला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डोकं दुखतं, हे खरं ते सांगून टाकलं. आता भडकणार असं वाटलं, तर तो वाकून माझ्या गजऱ्याचा वास घेत राहिला.

"दर बंदरात मी हाच शोधायचो," तो म्हणाला. "हुंगून हुंगून नाक बधिर व्हायचं. मग त्यातल्या त्यात जवळचा वाटेल तो उचलायचो."

मला रडूच आलं.

तो परत निघाला तेव्हा त्याच्या कपड्यांच्या घडीत मी दोन सुकलेले गजरे ठेवले. त्यानंतर बाटल्या आल्या नाहीत. नणंदा अजून माझ्यावर रुसून आहेत.