दीडशे, दीडशे, दीडशे

"तीन तासांत तीनदा दीडशे? पेशंट आहे की घड्याळ?"

इनचार्ज सिस्टर वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. चौदा खाटा, नातेवाईक, माझ्या नर्सिंगच्या वर्गातल्या पाच मुली. तिने नाडीचा तक्ता ओढून काढला, चुरगाळला, माझ्या तोंडावर फेकला.

"न मोजताच लिहिलंस ना? अ‍ॅडमिशन कोट्यातून मिळते गं. मोजायची अक्कल मिळत नाही."

कुणीतरी हसलं. मी वाकून कागद उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला. वॉर्डात कागद पडला की मीच उचलायचा, हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं होतं. स्टाफच्या फ्रीजमधली माझी पाण्याची बाटलीही तिने अशीच बाहेर काढून ठेवली होती. एकटी माझीच. माझं आडनाव वाचलं त्याच दिवशी.

मी मोजलं होतं. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून, पूर्ण मिनिट, तीनदा.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच मुली मोजत नाहीत. मागचा आकडा बघायचा, दोन वाढवायचे, चार कमी करायचे. ७८, ८२, ७६. असा तक्ता खरा दिसतो. त्याला कुणी हात लावत नाही. माझा खरा होता, म्हणून खोटा ठरला.

तक्ता नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजींचा होता. त्या पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झाल्या होत्या. उभा जन्म मिठागरात गेलेला. माझा बापही मिठागरातच राबला, तुळिंजला खोली घेईपर्यंत. सकाळी त्या म्हणाल्या, "पोरी, छातीत फडफडतंय गो. थोडं पानी दे." ताप नव्हता. झोपल्या तरी दीडशे, बोलल्या तरी दीडशे. घाबरल्याने वाढलेली नाडी अशी वागत नाही. ती चढते, उतरते. वर्गात शिकवलं होतं, की अ‍ॅट्रियल फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला तीनशेच्या आसपास थडथडतात आणि दोनातला एकच ठोका खाली पोचतो. म्हणून नाडी दीडशेवर अडकते. हलत नाही. तेच तर लक्षण.

"सिस्टर, ईसीजी काढूया का? नाडी हलतच नाहीये," मी म्हटलं.

"तू मला शिकवणार?" तिने नवा तक्ता पुढे सरकवला. "८४, ८६, ८२. लिही. माझ्यासमोर."

आणि मी लिहिलं.

इथे मी स्वतःला सोडणार नाही. हात माझा होता. पेनही माझंच. राउंडला डॉक्टर आले, तक्ता बघून म्हणाले, "नाडी ठीक आहे," आणि पुढच्या खाटेकडे गेले. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मी पडदा सारखा करत बसले. लाज वाटायला हवी होती. भीतीच वाटत होती.

दुपारी दोनला आजींना दरदरून घाम फुटला. डोळे फिरले. रक्तदाब खाली गेला. डॉक्टर धावत आले, ईसीजी निघाला. पट्टीवर करवतीसारखे दाते, एकामागून एक.

"अ‍ॅट्रियल फ्लटर. हे सकाळपासून असणार. मग तक्त्यात चौऱ्याऐंशी कसं?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. दाब पडला होता, औषधाची वाट बघायला वेळ नव्हता. गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि ठोक्याशी जुळवून विजेचा झटका दिला. नाडी मोजायला मलाच सांगितलं. शहात्तर. पुन्हा मोजली. ऐंशी. हलत होती! मग रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं, गाठ होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून. आजी वाचल्या. माझ्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या केबिनमध्ये बोलावलं. इनचार्ज सिस्टर आधीच बसलेली. समोर टाइप केलेला कागद. 'मी विद्यार्थिनी, नाडी न मोजता आकडे लिहिले. क्षमा असावी.'

"सही कर, विषय संपला," मेट्रन म्हणाल्या. "नाहीतर परीक्षेला बसणं कठीण होईल."

घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. बापाचे मिठाने चिरलेले पाय डोळ्यांपुढे आले. पेन उचललंही.

मग खिशातला चुरगाळलेला कागद काढला. टेबलावर हाताने सपाट केला. दहा वाजता दीडशे. अकरा वाजता दीडशे. बारा वाजता दीडशे.

"मी मोजलं होतं," मी म्हटलं. "नंतर खोटं लिहिलं. कुणी लिहायला लावलं, तेही लिहून देते."

टाइप केलेला कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं, माझा गुन्हाही. सिस्टर म्हणाली, "महागात पडेल." मी लिहीत राहिले.

परीक्षेचं अजून काही कळलेलं नाही. बसू दिलं नाही तर पुढच्या वर्षी बसेन. त्याही वर्षी अडवलं तर त्याच्या पुढच्या. पण दुसऱ्याने सांगितलेला आकडा या हाताने पुन्हा लिहिणार नाही.

त्या कागदाखाली मी पूर्ण नाव लिहिलं. आडनाव जरा मोठ्या अक्षरात.