तुळसाक्काला न सांगितलेले सात दिवस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही.

सूत रंगवायला मला शहापूरच्या शिद्दाप्पांनी शिकवलं. मी त्यांच्या ना नात्याचा ना गोत्याचा. तरी तीन वर्षं त्यांनी मला स्वतःच्या रंगघरात उभं केलं. माझी स्वतःची रंगाची भट्टी लागली तेव्हा पहिली गिऱ्हाइकंही तेच घेऊन आले. बदल्यात एवढंच म्हणाले, "तू आनिक दोघास्नी शिकीव. एकट्यावर पेठ चालत न्हाय."

मी व्हय म्हणालो.

मग त्यांनीच वडगावच्या तुळसाक्काला माझ्याकडे पाठवलं. नवरा प्लेगात गेलेला. तिच्या गल्लीतल्या विणकरांना सूत रंगवायला शहापूरपर्यंत यावं लागू नये, म्हणून तिला तिथंच भट्टी लावायची होती. दोन महिन्यांत तिचा हात माझ्यापेक्षा साफ बसू लागला. मला भीती वाटली का? वाटली असणार. आता आठवतही नाही.

लाल रंग पक्का व्हायचा तर तुरटीच्या पाण्यातून काढलेलं सूत आठ दिवस मुरू द्यावं लागतं. ते मुरवणं मी तिच्या नजरेआड करायचो; तिला सांगितलं — एक दिवस पुरे.

हेच ते.

तिच्या सुतावर पाच घरांनी साड्या विणल्या. संकेश्वरच्या बाजारात त्या खपल्या, आणि पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग साडीच्या पांढऱ्या अंगावर उतरला. व्यापाऱ्यांनी त्या गल्लीचा माल घेणं सोडलं. माग थांबले. शिद्दाप्पांनी मला विचारलं, "समदं सांगितलतंस न्हवं तिला?" "व्हय," म्हणालो. माझा आवाजसुद्धा हलला नाही.

ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. काही वर्षांनी मी तिकडं गेलतो, तर वखारीच्या दारात तिनंच हाक मारली.

"अण्णा, तुमी लई जीव लावून शिकवलासा. माझ्याच हातनं कायतरी चुकलं. पाच घरं बसली वो. काय चुकलं आसंल?"

तिनं विचारलं होतं. मला ठाऊक होतं. आसपास कुणी नव्हतं.

"हुतं आसं कधीकधी," मी म्हणालो आणि चालू लागलो.

त्यानंतर मी कुणालाच शिकवलं नाही. परवा निपाणीहून आलेल्या एकानं सांगितलं, तुळसाक्का गेली. मी ऐकलं — आणि हातातलं सूत पिळत राहिलो.