सरस आणि शिसारी
मायाबाईला घाणीचा लहानपणापासूनच तिटकारा. पंगतीत शेजारचं कुणी भुरके मारायला लागलं की तिचा घास तोंडातच फिरायचा. शिराळ्याजवळच्या त्या ऊसवाल्या गावात तिला सगळे 'सोवळी माया' म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

नवरा मात्र नेमका उलटा मिळाला. सयाजी फौजेतून सुभेदार होऊन घरी आला आणि ऊस सांभाळून उरलेल्या वेळात चिमुकल्या वस्तू करायला लागला. फळीवर मावेल अशी एसटी, बोटभर उंचीचे बैल, काडेपेटीएवढं मंदिर. मागच्या खोलीत नुसता पसारा. थिनरचा उग्र वास, गोंदाचे ओघळ, आणि तिच्याच चहाच्या कपात बुचकळलेला ब्रश. ती त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे.

मग सयाजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. खोलीला कुलूप लागलं. लाळ पुसणं, कपडे बदलणं, भांडं धरणं मायाबाईच्या वाट्याला आलं. ती सगळं करायची, कपाळावर आठी न आणता करायची. नंतर मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण चोळायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. नवऱ्याची किळस येते, हे बाईनं कुणाला सांगावं? सांगितलं असतं तर आयाबायांनी तिलाच नावं ठेवली असती. सगळं आत साठत गेलं.

उन्हाळ्यात त्या बंद खोलीतून वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून तिनं कुलूप काढलं. मुलगा अमृत कुपवाडच्या कारखान्यातून सुट्टीला आला होता. त्यानं वडिलांना खुर्चीसकट दाराशी आणून ठेवलं. उंदीर काही नव्हता. टेबलावर सयाजीनं अर्धवट सोडलेलं गुऱ्हाळ होतं, त्याच्या बापाच्या गुऱ्हाळाची नक्कल. चिमणी झालेली, चुलवाण झालेलं, रस उकळायची काहील मात्र रिकामी. भोवती रंगांच्या आणि गोंदांच्या बाटल्या.

"ही सगळी घाण आज भंगारात घालती," माया म्हणाली आणि हिरव्या रंगाची बाटली उचलून तिनं झाकण फिरवलं.

आत काळी बुरशी आली होती. नासलेल्या अंड्याचा भपकारा नाकात शिरला आणि ती ओरडली, "शी! शी! आवं, काय मेलंय ह्यात? लय वंगाळ!"

खुर्चीतून घरघर ऐकू आली. सयाजीला काही झालं की काय म्हणून ती धावली. तो हसत होता. वाकडं, लाळ गळणारं, पण पोटातून आलेलं हसू. आजारपणानंतरचं पहिलंच.

"नासला," तो कष्टानं म्हणाला. "टाक. दुसरी... बघ."

का कुणास ठाऊक, तिनं दुसरी उघडली. हा रंग नासला नव्हता, नुसता घट्ट झाला होता, शेंबडासारखा.

"पाणी," सयाजी म्हणाला. "थेंब थेंब. हलव."

तिनं नाकाला पदर बांधला आणि काडीनं ढवळायला घेतलं. गुठळ्या निघाल्या त्या जुन्या ओढणीतून गाळल्या. बोटांना लागलं ते बघून तिला शहारा आला. "तुमाला ह्याच्यात काय गोडी वाटती वं? गटारातला गाळ बरा!" ती बोलत राहिली, तो हसत राहिला.

मग रोज दुपारी तोच धंदा. तेलरंगाच्या डब्यांवर साय धरली होती. ती ढवळायची नाही, अख्खी उचलून काढायची आणि मग थिनर टाकायचं, असं तो सांगे. ती साय उचलताना तिला कातडं सोलल्यासारखं वाटे. पांढरा गोंद काही बाटल्यांत रबरासारखा झाला होता. तो फेकला. जो नुसता दाटला होता, तो कोमट पाण्यानं सैल झाला.

सगळ्यांत वाईट लाकूड चिकटवायचा सरस. पुडीत गुळाच्या खड्यांसारखे पिवळट तुकडे होते. ते तिनं एका भांड्यात पाणी घालून भिजत ठेवले. सकाळी फुगून लिबलिबीत झाले होते. ते भांडं गरम पाण्यात ठेवून आच दिली आणि घरभर जनावर कुजल्यासारखा वास सुटला.

"हे कशाचं असतंय?" तिनं विचारलं.

"हाडं. कातडं."

ती परसात पळाली आणि ओकली. परत आली ती तावातावानं. "तुमची लाळ पुसायची, तुमचं भांडं धरायचं, आन् आता ही हाडंबी मीच शिजवायची? किळस येती मला! तुमचीबी येती!"

बोलून गेली आणि जागीच थिजली. सयाजी सावकाश म्हणाला, "मलाबी... येती. माझीच."

ती भांड्याशी येऊन बसली. सरस आचेवर पातळ होत होता, तेवढा हलवायचं तिच्या लक्षात राहिलं.

त्यानंतर कपडे बदलताना ती नाक मुरडायला शिकली. "शी, आज तर कहर केलाय," म्हणायची, आणि तो वाकड्या तोंडानं म्हणायचा, "हुकूम सायेब." किळस गेली नाही. ती जाणारी नव्हतीच. पण मोरीत भिंतीला टेकणं सुटलं.

गणपतीच्या आधी, तो सांगेल तसं, तिच्या हातून गुऱ्हाळ पुरं झालं. काहिलीत उकळता रस दाखवायला त्यानं तिच्याकडून तोच पिवळा सरस ओतून घेतला. हुबेहूब दिसला. नणंद शालूबाई बघायला आली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं जवळ वाकून काहिलीतल्या अजून ओल्या सरसात बोट घातलं आणि माया काही म्हणायच्या आत चाटलं.

"काकवी व्हय?" शालूबाई म्हणाली. "गोडी कमी हाय गं."

सयाजीनं डाव्या हातानं खूण केली, सांगू नगंस. मायाबाईनं तोंडाला पदर लावला आणि घाईघाईनं परसात निघून गेली.