साइडपट्टीवरचा कार्यभार

विषय : द्रुतगती मार्गाच्या साइडपट्टीवर वाहन उभे करण्याबाबत.
संदर्भ : १) कु. प्रज्ञा कांबळे यांनी दिलेली तोंडी समज. २) तीच समज, दुसऱ्यांदा, मोठ्या आवाजात.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आम्ही चार सेवानिवृत्त कर्मचारी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाडीने पुण्याला जात असू, आणि सध्या जात नाही.

छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस बायकोला चिठ्ठीसुद्धा 'उपरोक्त'नेच लिहितो, तेव्हा एवढं चालवून घ्या. किश्शांचं आणि फायलींचं सारखंच असतं. एकेक कागद लागत जातो, कुणाचं लक्ष नसतं, आणि एके दिवशी बांधायला दोरा पुरत नाही!

आधी माणसं सांगतो. गाडी कांबळेंची. ते आमच्या ऑफिसात रेकॉर्ड रूम सांभाळायचे, राहतात कल्याणला. वर उल्लेखलेली प्रज्ञा ही त्यांची मुलगी. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात अपघात विभागात नर्स आहे. दुसरे कारखानीस, डोंबिवलीचे, आमचे हेडक्लार्क. त्यांना जेवायलासुद्धा नियम लागतो. तिसरा म्हात्रे. शीळफाट्याजवळच्या गावातला, मूळचा तिथलाच. त्याने आयुष्यभर साहेबांची जीप चालवली. चौथा मी.

पुण्याला जायचं कारण म्हणजे लिमये. वीस वर्षं आम्ही दोघं एकाच खिडकीखाली बसलो. पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मुलगी त्याला पुण्याला घेऊन गेली. उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. पहिल्या शनिवारी मात्र तो सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत बसतो. आम्ही पोचलो की पत्ते. डाव्या हाताने पानं टाकतो आणि अजूनही लबाडी करतो! बसने जावं, तर कांबळेंच्या गुडघ्याला बसची पायरी मंजूर नाही.

* * *

आता, चौघांत खरा ड्रायव्हर एकच, म्हात्रे. कुणीही शहाणा माणूस स्टिअरिंग त्याच्या हातात देऊन मागे झोपला असता. पण कारखानीस म्हणाले, "एकाच कर्मचाऱ्यावर सगळा भार टाकणं योग्य नव्हे." त्यांनी ड्यूटी चार्ट केला. एक्स्प्रेस वेचे चार समान भाग, माणशी एक. आपला भाग जिथे संपेल तिथे गाडी साइडपट्टीवर घ्यायची आणि पुढच्याला चार्ज द्यायचा.

"अहो, पुढे पेट्रोल पंप आहे, तिथे बदलू," मी म्हणालो.

"पंपापर्यंत गेलात तर तुमचे दोन किलोमीटर जास्त होतात. उद्या कांबळेंनी हरकत घेतली तर?"

कांबळे मागच्या सीटवर घोरत होते. तरीही त्यांची हरकत गृहीत धरण्यात आली.

चार्ज म्हणजे नुसती किल्ली नव्हे. बॉनेटवर रजिस्टर उघडायचं. आरसे तीन, जॅक एक, स्टेपनी एक, डॅशबोर्डवरची बुद्धमूर्ती एक, सर्व सुस्थितीत. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. शेजारून कंटेनर गेला की आख्खी गाडी हलायची आणि पान उडायचं. पान उडू नये म्हणून त्यावर कोपर दाबून उभं राहण्याचं काम माझ्याकडे होतं.

एकदा गस्तीची गाडी थांबली. पोलीस तरुण होता, नम्र होता. "काका, इथे थांबायला मनाई आहे. तो बघा बोर्ड."

कारखानीस चष्मा बदलून बोर्डापर्यंत चालत गेले. वाचून परत आले.

"त्याखाली कुणाची सही नाही," ते म्हणाले. "जावक क्रमांकही नाही!"

* * *

प्रज्ञाने वाढदिवसाला वडिलांना लाल चकाकणारा त्रिकोण दिला. गाडी बंद पडली तर मागे लांब ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याला कळतं. कारखानिसांनी त्याच दिवशी त्याच्यावर, ऑफिसच्या खुर्च्या-टेबलांवर असतो तसा, पांढऱ्या रंगाने डेडस्टॉकचा नंबर घातला.

पुढच्याच महिन्यात आमचा टायर पंक्चर झाला. कारखानीस त्रिकोण घेऊन पावलं मोजत मागे गेले. म्हात्रे खाली बसून चाक बदलायला लागला. चाक बदलून झालं, कारखानिसांचा पत्ता नाही. बघतो तर हे गृहस्थ लांब साइडपट्टीवर त्रिकोणाच्या शेजारी छत्री उघडून उभे!

मी हातवारे केले. ते हलेनात. शेवटी म्हात्रे कठड्याच्या बाहेरून चालत त्यांच्यापर्यंत गेला.

"सायेब, हितं काय करताव?"

"लक्ष ठेवतोय. चोरीला गेला तर जबाबदार कोण?"

म्हात्रेने एका हातात त्रिकोण घेतला, दुसऱ्या हातात कारखानीस. "आन तुमाला उडवलान, त तुमची नोंद कंच्या रजिस्टरान करू?"

* * *

दुसऱ्याच्या चुका सांगताना आपलीही एक सांगावी, नाहीतर ऑडिट होतं.

मी गाडी चालवताना फोनवर बोलत नाही. कधीच नाही. त्यामुळे घाटाच्या अलीकडे, चार्ज माझ्याकडे असताना आमच्या हिचा फोन आला, तेव्हा मी नियमाप्रमाणे इंडिकेटर देऊन साइडपट्टीवर थांबलो.

"येताना दुधी आणता का? कोवळा बघून," ही म्हणाली.

"आणतो."

"एवढा आवाज कसला येतोय? कुठे आहात?"

"एक्स्प्रेस वेवर. कडेला थांबलोय, तुझ्याशी बोलायला."

फोन कट झाला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, संभाषण तिने आपणहून संपवण्याची ही पहिलीच वेळ!

* * *

हे सगळे पराक्रम आम्ही एका रविवारी कांबळेंच्या घरी पोहे खाता खाता मोठ्या उत्साहाने सांगितले. प्रज्ञा नाइट ड्यूटी करून आली होती. ती हसली नाही.

"काका, आमच्याकडे जे आणतात ना, त्यातले बरेचजण काही फास्ट चालवत नव्हते," ती म्हणाली. "नुसते उभे होते. कोणी फोटो काढत होतं, कोणी लघवीला थांबलं होतं. मागून येणाऱ्याला वाटतं गाडी चालू आहे. त्याला कळेपर्यंत संपलेलं असतं."

पोह्यांवरचं खोबरं एकदम कोरडं लागायला लागलं.

म्हात्रे बशी ठेवून म्हणाला, "मी त तवापास्ना सांगतंय. थांबाचाच नाय. आन गाडी बंदच परली, त गाडीची माया सोराची. डावीकरून उतराचा, कठरा ओलांडाचा, मंग फोन."

"हे तू कधी सांगितलंस?" कारखानिसांनी विचारलं.

"दर टायमाला!"

"तोंडी सांगून उपयोग नाही. परिपत्रक पाहिजे."

मग म्हात्रेने सांगितलं आणि कारखानिसांनी लिहिलं. वाहन बंद पडल्यास सर्वांनी डाव्या बाजूने उतरावे, कठड्यापलीकडे जावे, कोणत्याही कारणास्तव वाहनाकडे परत जाऊ नये. चार प्रती काढल्या. म्हात्रेची प्रत म्हात्रेलाच पोच घेऊन देण्यात आली. ड्यूटी चार्ट मात्र कायम राहिला. त्याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

* * *

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी घाट चढून वर आलो आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. दिवसाढवळ्या, पावणेबाराला. चार्ज माझ्याकडे. जेवढी डावीकडे घेता येईल तेवढी घेतली, चारही दिवे लावले. ते एक पंक्चर सोडलं, तर आयुष्यात पहिल्यांदा आम्ही साइडपट्टीवर सकारण थांबलो होतो.

कारखानिसांनी खिशातून परिपत्रक काढलं आणि चष्मा शोधायला लागले.

"वाचन मंगशी!" म्हात्रे ओरडला. "उतरा!"

मला उजवीकडून उतरायचं नव्हतं, म्हणून गिअरवरून डावीकडे सरकावं लागलं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचं त्यात काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. कांबळेंना आम्ही तिघांनी जुन्या फायलींच्या गठ्ठ्यासारखं उचलून कठड्यापलीकडे ठेवलं. थोडं पुढे जाऊन गवतात उभे राहिलो, तेवढ्यात कांबळे म्हणाले, "अरे, डबा राहिला!"

डब्यात सुकटीची चटणी होती. कांबळे वहिनी दर महिन्याला लिमयेसाठी करतात आणि वर 'लिंबाचं लोणचं' अशी चिठ्ठी लावतात, कारण लिमयेची मुलगी घरात सुकट येऊ देत नाही.

"मागच्या सीटवरच आहे. दोन मिनिटं," म्हणत कांबळेंनी ऑपरेशन झालेला गुडघा स्वतःहून कठड्यावर टाकला. म्हात्रेने मागून त्यांची कॉलर धरली.

"म्हात्रे, कॉलर सोड."

"नाय सोरनार."

"अरे, माझी गाडी, माझा डबा!"

"गारी तुमची, डबा तुमचा. कॉलर माजी!"

कांबळे चिडले. ऑफिसात सगळ्यांत शांत माणूस, पण म्हात्रेच्या हातावर चापट्या मारायला लागले. कारखानीस म्हणत होते, "अहो, शोभतं का हे?" आणि मी डबा तिथून दिसतो का बघत होतो. म्हणून मला ते दिसलं.

एक टेम्पो आपल्या लेनमधून हळूहळू डावीकडे सरकत आला. वेडावाकडा नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही. पांढरी रेघ ओलांडून सरळ आमच्या गाडीवर.

आवाजाचं वर्णन करत नाही. गाडी वीस-पंचवीस पावलं पुढे गेली. जिथे ती उभी होती तिथे फक्त रेडिएटरचं सांडलेलं पाणी होतं. कांबळे ज्या सीटवर बसायचे ती पुढच्या सीटला जाऊन भिडली होती. रस्ताभर कोबीचे गड्डे गडगडत होते.

टेम्पोचा ड्रायव्हर उतरला. कपाळाला थोडं लागलं होतं. आधी त्याने गाडीत वाकून पाहिलं, मग आमच्याकडे. "काका, आत किती जण होते?"

"कोणी नाही," कांबळे म्हणाले.

तो तिथेच खाली बसणार होता. "नाय! हिकरं ये, कठऱ्याच्या बायेर!" म्हात्रेने दम दिला, तेव्हा तो आमच्या बाजूला आला आणि मग हुंदके देऊन रडला. कारखानिसांनी रुमाल ओला करून त्याच्या कपाळावर धरला. त्याचं नाव, गाव काहीही विचारलं नाही.

कांबळेंनी प्रज्ञाला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, "पप्पा, कठड्याच्या कुठल्या बाजूला आहात?"

"बाहेरच्या."

"हलू नका."

फोन ठेवून कांबळेंनी कॉलरवरच्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हात्रे, आता सोड की."

* * *

ती गाडी गेली. आता त्या घरात प्रज्ञाची गाडी आहे आणि किल्ली तिच्या पर्समध्ये असते. दोन पहिले शनिवार कोरडे गेले. लिमयेच्या मुलीचा फोन आला की त्याला सगळं समजावून सांगितलंय, तरी तो पत्ते काढून टेबलावर ठेवतो.

आम्ही चौघं प्रज्ञाकडे तिची गाडी मागायला गेलो. "अर्ज करा, काका," ती म्हणाली. "तुमच्या पद्धतीने."

अर्ज केला. तीन दिवसांनी लाल शाईत शेरे मारून परत आला. 'थांबण्याची ठिकाणे नमूद करावीत. चालकाचे नाव लिहावे. एकच.'

ठिकाणं सोपी होती. दोन पेट्रोल पंप आणि एक फूड मॉल. दुसऱ्या शेऱ्यापाशी कारखानीस थांबले. संध्याकाळपर्यंत कागद समोर घेऊन बसले होते. मग लिहिलं, 'श्री. म्हात्रे, जाताना व येताना.' ते लिहीत असताना आम्ही कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सोबत लिमयेचं शिफारसपत्र जोडलं. त्याच्या मुलीने फोनवरून पाठवलं होतं. मजकूर तिच्या अक्षरात, खाली डाव्या हाताची सही. सहीला अर्धा तास लागला, असं ती म्हणाली.

प्रज्ञाने काल सगळं उभ्याउभ्याच वाचलं. सहीपाशी जरा थांबली. कागदाची घडी करून युनिफॉर्मच्या खिशात ठेवली, "बघते," म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.

परवा पहिला शनिवार आहे. अर्ज प्रलंबित आहे.